पत्र्याची भीती

माझा एक कोर्समेट आहे. मेसच्या खोलीत जमिनीवर वर्तमानपत्र अंथरून तो बुलेटचं इंजिन खोलतो आणि रविवार संध्याकाळपर्यंत परत जोडतो. एकही नट उरत नाही. पोस्टिंग कुठेही होवो, त्याच्या सामानात कपड्यांपेक्षा पाने-पकडी जास्त. या माणसाच्या मोटारीच्या मागच्या दरवाजावर गेली चार वर्षं एक पोचा आहे, चांगला नारळाएवढा. विचारलं तर म्हणतो, "ते आपलं काम नाही रे. ते कारागिराचं."

असे लोक मला प्रत्येक स्टेशनात भेटले. डॉक्टर, सिग्नलवाले, तोफखान्यातले, एक तर शाळेचे मुख्याध्यापक होते. सगळ्यांना जुन्या गाड्यांचं वेड. गिअरबॉक्स उतरवतील, ब्रेकचे सिलिंडर बदलतील, वायरिंगचा गुंता रात्र रात्र बसून सोडवतील. पण पत्र्याला हातोडी लावायची म्हटलं की आवाज उतरतो. आता बघा, ब्रेकचं काम चुकलं तर जीव जाईल. पोच्याचं चुकलं तर फार तर गाडी वाईट दिसेल. तरी ब्रेकला कुणी भीत नाही आणि पोच्याला सगळे भितात. हे उलटं गणित माझ्या डोक्यात बरीच वर्षं होतं. जबलपूरच्या पोस्टिंगमध्ये ते थोडंफार सुटलं.

भेडाघाट आणि धुआंधारबद्दल पूर्वी लिहिलंय, ते पुन्हा नको. जबलपूरची दुसरी ओळख म्हणजे ते लोखंडाचं शहर आहे. गन कॅरेज फॅक्टरी १९०४ पासूनची. वाहनांचा कारखाना १९६९ चा. शक्तिमान ट्रक आणि जोंगा तिथल्याच. ज्यांनी जोंगाच्या मागच्या बाकावर बसून कंबर मोडून घेतली आहे, त्यांना अधिक सांगायला नको. या कारखान्यांमुळे पत्रा, वेल्डिंग आणि रंग यांत आयुष्य घालवलेली माणसं तिथं गल्लोगल्ली भेटतात. चहाच्या टपरीवर शेजारी बसलेला म्हातारा कधी काळी ट्रकच्या केबिन जोडत होता असं सहज निघतं.

तिथं मी वडिलांची प्रीमियर पद्मिनी नेली. १९८८ ची, क्रीम रंगाची. ते गेल्यावर पुण्यात सोसायटीच्या पार्किंगमध्ये तिनं तीन पावसाळे उभ्यानं काढले होते. भंगारवाल्यानं वजनावर भाव सांगितला तेव्हा मी ती ट्रकवर चढवून जबलपूरला मागवली. इंजिनाचं मला ओझं नव्हतं. १०८९ सीसीचं साधं सरळ मशीन, बॉनेट उघडलं की सगळं समोर दिसतं आणि हात आत जायला जागा असते. दीड महिन्यात सुरू झाली. राहिला पत्रा. डाव्या मडगार्डला तीन पोचे, हेडलाइटच्या कडेनं गंज, दरवाजांच्या खालच्या कडा पापडासारख्या झालेल्या. आणि डाव्या बाजूला वडिलांनी गेटच्या खांबावर घासलेली हातभर लांब खोक. ती त्यांनी कधीच दुरुस्त केली नाही. "चालते ना गाडी?" एवढंच म्हणायचे.

युनिटच्या वर्कशॉपमध्ये एक शब्द टाकला असता तर कदाचित काम आठवड्यात झालं असतं. पण खाजगी गाडीला सरकारी हात, सरकारी गॅस आणि सरकारी रंग लागू द्यायचा नाही हा माझा नियम आहे. त्यात मोठेपणा काही नाही. आपली गाडी ज्या क्राफ्ट्समननं फुकट ठोकली, त्याला उद्या परेडवर उशिरा आल्याबद्दल काय तोंडानं बोलायचं? तेव्हा एकतर बाजारात पैसे मोजायचे किंवा स्वतः करायचं.

सदरच्या पुढे एका रस्त्याला दोन गाड्या मावतील एवढं शेड होतं. मालक ईएमईतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, वय साठीच्या पुढे. भिंतीवर विश्वकर्म्याचं कॅलेंडर आणि त्याच्या शेजारी कोअरचं चिन्ह, खाली 'कर्म ही धर्म'. मी सांगितलं की काम तुमच्याकडून करून घ्यायचं नाही, शिकायचंय, तासाचे पैसे देईन. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"साब, आप करोगे? अपने हाथ से?"

"हो. का?"

"नहीं, करो। पर सब देखेंगे।"

त्या दोन शब्दांत अर्धं उत्तर होतं, हे नंतर लक्षात आलं. इंजिनातली कसर बॉनेटखाली राहते. टॅपेट थोडे वाजत असतील तर तुम्हाला कळेल, फार तर एखाद्या कानाच्या माणसाला कळेल. पत्र्याचं काम मात्र सगळ्या कॅन्टोन्मेंटसमोर उभं राहतं. त्यात आमचं जग असं की गाडी कुणाची हे गेटवरच्या संत्र्यापासून कमांडंटच्या सौभाग्यवतींपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. फौजेत माणूस वीस वर्षांत एक गोष्ट पक्की शिकतो, ती म्हणजे जे येत नाही ते लोकांसमोर करायचं नाही. आधी रिहर्सल, मग फुल ड्रेस रिहर्सल, मग परेड. पत्र्याला रिहर्सल नसते.

उस्ताद म्हणायला मला जड गेलं नाही. अकादमीत ड्रिल शिकवणाऱ्या हवालदारांना आम्ही उस्तादच म्हणायचो आणि गॅरेजातही शिकवणाऱ्याला तोच शब्द. पहिल्या दिवशी त्यांनी हातोडी दिलीच नाही. मडगार्डवर एक सुती फडकं ठेवलं, त्यावर माझा पंजा ठेवला आणि डोळे मिटायला सांगितले. हात सावकाश पुढे-मागे न्यायचा. बोटांच्या टोकांनी नाही, सगळ्या तळव्यानं. कुठे चढ आहे, कुठे उतार आहे ते सांगायचं. डोळ्याला गुळगुळीत दिसणारा तो भाग हाताखाली माळरानासारखा होता. रंग उडालेल्या, मळलेल्या पृष्ठभागावर डोळा फसतो, तळवा सहसा फसत नाही. दुसरी युक्ती ट्यूबलाइटची. शेडमधल्या लांब नळीचं प्रतिबिंब रंगावर पडतं आणि आपण डोकं हलवलं की ते सरकतं. जिथं ती रेघ वाकडी होते तिथं पत्रा वाकडा.

माझी खरी अडचण इथे सुरू झाली आणि मला वाटतं सगळ्या हौशी लोकांची हीच असते. आम्ही आकड्यांवर वाढलेली माणसं. इंजिनाचं पुस्तक आकडे देतं. प्लगची फट एवढी, हेडचे बोल्ट या क्रमानं आणि इतक्या जोरानं. फीलर गेज सरकवलं की कळतं, टॉर्क रेंच टक् करतो की थांबायचं. चूक आणि बरोबर यांच्यामध्ये स्वच्छ रेघ असते. फौजही तशीच, सगळ्याला आकडा आणि आकडा नसेल तर नमुना. पत्र्याला पुस्तकच नाही. मी उस्तादांना विचारलं, किती ठोकायचं? म्हणाले, "जब तक हो न जाए।" झालं हे कसं कळणार? "हाथ बताएगा।" आता हाताला ज्यानं कधी विचारलंच नाही, त्याला हात काय सांगणार?

हातोडी आणि डॉली यांची जोडी असते. डॉली म्हणजे हातात मावणारा, वेगवेगळ्या गोलाईचा लोखंडी ठोकळा. तो पत्र्याच्या आतून धरायचा आणि बाहेरून हातोडी चालवायची. नवशिक्याला वाटतं पोचा आतून बाहेर ढकलायचा, संपलं. तसं नसतं. पोचा पडताना मधला भाग आत जातो आणि त्याच्या कडेला पत्रा उंच उचलला जातो. ती कड धातूला घट्ट करून बसते. आधी डॉली पोच्याच्या आत टेकवायची आणि ठोके शेजारच्या उंच कडेवर द्यायचे. कड सैल पडली की मधला भाग डॉलीच्या दाबानं आपोआप वर येऊ लागतो. शेवटच्या सपाटीसाठीच डॉली बरोबर हातोडीखाली येते. तेव्हा आवाज बदलतो, बद्दचा टण् होतो. उस्ताद पाठमोरे चहा पीत असायचे आणि आवाजावरून ओरडायचे, "डॉली कहाँ है, साब?"

डॉलीवर सरळ ठोकणं बेताचंच करायचं, कारण दोन लोखंडांमध्ये सापडलेला पत्रा पातळ होतो आणि पसरतो. आजच्या गाड्यांचा पत्रा साधारण पाऊण मिलिमीटरचा, जुन्या गाड्यांचा थोडा जाड. पसरलेल्या पत्र्याला जायला जागा नसते, म्हणून तो फुगतो. बोटानं दाबला की डब् करून आत जातो, सोडला की डब् करून बाहेर, तेलाच्या डब्याच्या बुडासारखा. मग तो आवळावा लागतो. नेमक्या ठिकाणी रुपयाएवढा भाग लाल होईपर्यंत तापवायचा, चटकन ठोकून बसवायचा आणि ओलं फडकं लावायचं. थंड होताना धातू आखडतो. हे काम उस्तादांनी माझ्या हातात शेवटपर्यंत दिलं नाही. त्यांनी करताना मी पाहिलं. इंजिनाचा बोल्ट जास्त आवळला गेला तर उलटा फिरवता येतो. ठोका उलटा फिरवता येत नाही. हौशी माणूस हे शब्दांत सांगू शकत नसेल, पण हातोडी उचलताना त्याला ते कळलेलं असतं.

आमच्या पुण्यात हे ज्ञान नव्हतं असं नाही. कसबा पेठेत तांबट आळीवरून जाताना लहानपणी तो ठणठणाट ऐकलाय. तांब्याच्या बंबावर, हंड्यावर मठारकाम चालायचं. एका रांगेत, एका अंतरावर, एका जोराचे ठोके. त्यानं भांडं नुसतं दिसायला सुंदर होत नाही, ठोके खाऊन तांबं कडक होतं, भांड्याला ताकद येते. मडगार्डवरचं काम त्याचंच चुलत भावंड आहे. पण आम्ही त्या आळीतून शाळेचं दप्तर घेऊन जाणारे. उभं राहून बघायचो, थोड्या वेळानं आई हात ओढायची. ज्या घरात मुलाला गणितात पैकीच्या पैकी हवेत, त्या घरात त्याच्या हातात हातोडी कोण देणार? कोर्समेट "ते कारागिराचं काम" म्हणतो तेव्हा त्यात कारागिराबद्दल आदर असतो, पण एक भिंतही असते. भिंत आपणच बांधलेली आणि आता आपणच अलीकडे अडकलेले. शब्दसुद्धा आपल्याकडे उरले नाहीत. इंजिनाबद्दल तासभर बोलू, पत्र्याबद्दल बोलायला लागलो की 'डेंट' आणि 'स्क्रॅच' यापुढे गाडी जात नाही.

पुढची पायरी तर माणसाला हमखास पळवून लावते. पोचा रुपयाएवढा असला तरी काम ताटाएवढं असतं. आजूबाजूचा चांगला, धडधाकट, चकचकीत रंग घासून पत्र्यापर्यंत उघडा करावा लागतो, कारण दुरुस्तीची कड त्याच्यात विरघळली पाहिजे. गंज असेल तर आणखी वाईट. रंगाला आलेला वाटाण्याएवढा फोड टोकरायला घेतला की खाली तळहाताएवढं कुजलेलं निघतं. म्हणजे पहिले कित्येक दिवस तुम्ही गाडी सुधारत नसता, बिघडवत असता आणि ते सगळ्यांना दिसत असतं. माझ्या पद्मिनीचा डावा दरवाजा उघडा केला तेव्हा शेजारच्या क्वार्टरमधल्या मेजरच्या मुलीनं विचारलं, "अंकल, गाडीला काय झालं?" आदल्या दिवसापर्यंत गाडीला काहीच झालेलं नव्हतं.

हौशी माणूस इथे घाबरतो आणि घाई करतो. खोकीत पुट्टी कोंबतो. आपले जुने रंगारी जिला लांबी म्हणायचे तिचीच ही मोटारीची बहीण, दोन भागांची. पुट्टीत शेकडा दोनाच्या आसपास हार्डनर मिसळायचा, की चार-पाच मिनिटांत दगड. जादूच वाटते. पण ती पत्र्याची जागा घ्यायला नसते, उरलीसुरली उणीव भरायला असते, दोन-तीन मिलिमीटरपर्यंत. त्याच्यावर गेली की आज ना उद्या तडकते. शिवाय ती ओल पिते. उघडी ठेवून पावसात गाडी फिरवली की पाणी आतल्या पत्र्यापर्यंत पोचतं आणि वरून गुळगुळीत, आतून गंज असा प्रकार होतो. गाडी विकत घेताना खिशात लहानसं लोहचुंबक ठेवा असं उस्ताद सांगायचे. रुमालात गुंडाळून दाराच्या खालच्या कडेला लावायचं. चिकटलं नाही तर तिथं गाडी नाही, पुट्टी आहे.

पुट्टी घासताना ठोकळ्यावर गुंडाळलेला कागद हवा, नुसत्या बोटांनी नाही. बोटं खळग्यात शिरतात आणि खळगा तसाच ठेवून घासतात. ८० नंबरानं सुरुवात, मग १८०, मग ३२०. आणि मध्ये त्यांनी दाखवलेली एक गोष्ट मला फारच आवडली. काळ्या रंगाचा अगदी हलका फवारा सगळ्या भागावर उडवायचा, धूळ बसल्यासारखा. मग ठोकळा फिरवायचा. उंच जागा लगेच उघड्या पडतात, खळग्यात काळं राहतं. नकाशावरच्या समोच्च रेषाच जणू. ज्या माणसाला 'हाथ बताएगा' कळत नव्हतं, त्याला हा नकाशा कळला. त्या दिवशी मी पाच तास घासत होतो आणि तक्रार नव्हती.

घासण्याचं वावडं तसं मला नाहीच. खडकवासल्याला ड्रिलच्या बुटांच्या नाकावर कापूस, पाणी आणि पॉलिश घेऊन किती रात्री गोल गोल फिरवण्यात गेल्या ते जाणणारे जाणतात. पण पुढे युनिटमध्ये आल्यावर रंगाबद्दलची आमची समजूत बिघडते. इन्स्पेक्शन आलं की गेरू-चुना. हलतं त्याला सॅल्यूट, हलत नाही त्याला रंग. झाडाला, दगडाला, बादलीला. आणि गाड्यांना ऑलिव्ह ग्रीन, तोही बिनचमकीचा. बिनचमकीचा रंग मोठा दयाळू असतो. प्रकाश विखरून टाकतो, प्रतिबिंब पडू देत नाही, खालचे सगळे चढउतार पोटात घालतो. तो असतोच मुळी लपण्यासाठी. चकचकीत क्रीम रंगाचं काम नेमकं उलटं. तो आरसा असतो. खाली जे आहे ते दुप्पट करून सांगतो. फौजी माणूस चमकदार रंगाला बिचकतो यात नवल नाही, त्याच्या सगळ्या सवयी दुसऱ्या रंगावर घडलेल्या असतात. रंगाच्या थराची जाडी तरी किती? कारखान्यातून निघालेल्या मोटारीवर प्राइमरपासून वरच्या चकाकीपर्यंत सगळे थर मिळून मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास. एवढ्या पातळ पापुद्र्यात काय लपणार?

आतापर्यंत लिहिल्या त्या सगळ्या भित्या खऱ्या आहेत, पण कोणाचा जीव घेणाऱ्या नाहीत. ज्याला भ्यायला हवं त्याला मात्र कुणीच भीत नाही.

उस्तादांच्या शर्टाच्या खिशात एक निळा पंप असायचा. ठोकाठोकीच्या वेळी कधी बाहेर निघत नसे. शेजारच्या जागेत फवारणी सुरू झाली की दहा-पंधरा मिनिटांत ते खोकू लागायचे, शेडच्या बाहेर रस्त्यावर जाऊन उभे राहायचे आणि पंप ओढायचे. ईसीएचएसच्या डॉक्टरांनी दमा सांगितला होता. निवृत्तीनंतर बाजारात पंधरा वर्षं त्यांनी रंग मारला होता आणि त्यातली बरीच वर्षं टू-के रंग. जुन्या एनसी रंगापेक्षा हा टिकाऊ, चमक कितीतरी जास्त. त्याचीही दोन भागांची जोडी असते आणि हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. घातक गोष्ट अशी की अपाय होण्याइतकं हवेत असलं तरी त्याचा वास बहुधा येत नाही. वास येतो तो थिनरचा. थिनरचा वास गेला म्हणजे हवा साफ झाली असं समजून लोक तोंडावरचा रुमाल काढतात. रुमालानं तसं ते अडत नव्हतंच. आणि शरीर एकदा त्यावर चिडलं की पुढे थोड्याशा संपर्कानंही छाती बंद होते. त्याला बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मुखवटा लागतो, अंगभर कपडे, हातमोजे आणि हवा खेचून बाहेर टाकणारी बंद खोली. घराच्या मागच्या अंगणात यातलं काही नसतं. म्हणून माझं मत स्पष्ट आहे. पत्रा घरी करा, पुट्टी घरी करा, धुळीचा चांगला मास्क लावून घासा, जुन्या गाडीच्या जुन्या रंगात शिसं असू शकतं म्हणून कोरडं न घासता पाणी लावून घासा आणि पोरांना लांब ठेवा. टू-केची गन मात्र हातात घेऊ नका. मी घेतली नाही.

आता उस्ताद गन धरत नसत, तर धरत कोण होतं? त्यांचा पुतण्या. वय एकोणीस, काटक, हाताला उपजत लय. गन पत्र्यापासून वीतभर दूर ठेवून, मनगट न वळवता, निम्मा पट्टा आधीच्या पट्ट्यावर चढवत असा काही फिरवायचा की पाहत राहावं. ओघळ नाही, संत्र्याच्या सालीसारखा खरबरीतपणा नाही. आणि तोंडाला रुमाल. मी काकांकडे बघून बोललो, काका मान हलवायचे. पुतण्याला सांगितलं तर हसायचा. "आदत है, साब।" काकांचा पंप त्याला रोज दिसत होता. त्याला वाटायचं ते म्हातारपण आहे.

अधिकारी म्हणून मला हुकूम देता येतो, तिथं माझा हुकूम चालत नव्हता. मुलगा रोज पहाटे पाचला उठून कॅन्टोन्मेंटच्या रस्त्यावर धावायचा, अग्निवीर भरतीसाठी. सोळाशे मीटर, पहिल्या गटात यायचं तर साडेपाच मिनिटांच्या आत. त्याची वेळ पाच पन्नासवर अडकली होती आणि तो बूट बदलून बघत होता, दूध-केळी वाढवून बघत होता. एका रविवारी मी स्टॉपवॉच घेऊन गेलो. मग त्याला म्हटलं, चार आठवडे गनला हात लावू नकोस, फक्त घासकाम कर, मग पुन्हा मोजू. तुझे गेलेले पैसे माझ्या कामात धर. उस्ताद काही बोलले नाहीत. शेडमध्ये महिनाभर रंगाची कामं घेतली नाहीत, नुसती ठोकाठोकी आणि पुट्टी. ते नुकसान त्यांचं होतं आणि त्यांनी ते मोजून दाखवलं नाही.

चौथ्या आठवड्यात पाच छत्तीस. यातलं किती गन सोडल्यामुळे, किती सरावामुळे आणि किती माझ्या स्टॉपवॉचच्या धाकामुळे हे डॉक्टरच सांगतील. मी त्याला हे सगळं गनचंच असल्याचं सांगितलं नाही आणि नाही असंही सांगितलं नाही.

पद्मिनीचा रंग शेवटी डिसेंबरात झाला. जबलपूरच्या पावसाळ्यात हवा इतकी ओली असते की एनसी रंग सुकता सुकता पांढरट पडतो, म्हणून थंडीपर्यंत थांबलो. टू-के नको हे ठरलेलंच होतं. एनसी मारला, मुलानंच, पण थिनरसाठीचा काडतुसांचा मास्क लावून, शेडची दोन्ही दारं उघडी ठेवून, काका शंभर पावलं लांब टपरीवर बसलेले. मग मी आठ दिवस १५०० आणि २००० नंबरच्या पाणी-कागदानं घासत आणि पॉलिश करत बसलो. डाव्या बाजूची वडिलांची खोक भरली. ती ठेवावी का, हा विचार दोन दिवस डोक्यात होता. पण खोकीच्या तळाशी गंज होता आणि गंज कुणाच्या आठवणी बघत नाही. वाकून पाहिलं तर आजही डाव्या मडगार्डवर ट्यूबलाइटची रेघ एका जागी किंचित कमरेत वाकते. उस्तादांना दाखवलं. त्यांनी तळवा फिरवला आणि म्हणाले, "रहने दो। अपना हाथ पहचानोगे।"

माझी बदली झाली त्या वेळी शेडसाठी हवा पुरवणारा मुखवटा आणि त्याचा नळीचा संच घेऊन दिला. शिकवणीच्या पैशांचा हिशेब उस्तादांनी घेतला नव्हता, त्यात तो बसला. लावतात का, हे मला इतक्या लांबून दिसत नाही. विचारलं की दोघेही "हाँ साब" म्हणतात आणि फौजेतल्या "हाँ साब"चे किती अर्थ होतात ते या ब्लॉगच्या वाचकांना मी काय सांगणार.

मुलगा गेल्या भरतीत धावला. उस्तादांचा फोन आला, "पाँच-बाईस, साब।" पुढे मेडिकल बाकी आहे असं सांगायला लागले, तेवढ्यात खोकला आला आणि त्यांनी फोन पुतण्याच्या हातात दिला.